जावई वरच्या मजल्यावर का गेला

१

व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंचं कुणाशीही वाकडं नव्हतं. मुलं शिकायला यायची, बेसूर वाजवायची आणि बाई न रागावता पुन्हा पहिल्यापासून वाजवून घ्यायच्या. तरीही भरदुपारी त्या आपल्याच जिन्याच्या पायथ्याशी मान मोडून पडलेल्या सापडल्या. पायात एकच चप्पल होती. दुसरी वर दारातच राहिली होती.

त्यांना ढकलणाऱ्या माणसाला खालच्या बेकरीवाल्यानं येताना पाहिलं होतं आणि जातानाही. येताना त्यानं अगदी अदबीनं विचारलं होतं, की वरच्या मजल्यावर एक बाई आणि तिचा लहान मुलगा राहतात, ती घरी असेल का. मला काही ठाऊक नाही, म्हणून बेकरीवाल्यानं खांदे उडवले. कुणी मायलेकाची चौकशी केली तर असंच म्हणायचं, हे मीच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. माणूस आभार मानून वर गेला. वरचं दार व्हायोलिनच्या बाईंनी उघडलं आणि त्याला आत येऊ दिलं नाही. एवढाच त्यांचा गुन्हा.

ज्यांना तो शोधत होता ते दोघं त्याच इमारतीत होते, पण तळमजल्यावर, मागच्या खोलीत. नवऱ्याचा आवाज कानावर पडताच ती मुलाला घेऊन पलंगाखाली शिरली आणि सगळं शांत झाल्यावरही कितीतरी वेळ बाहेर आली नाही.

लपलेल्या बायकांना लपलेलंच ठेवणं हे माझं काम आहे. आमची संस्था लहान आहे, पाटीसुद्धा नाही. त्या नवऱ्याला शोधायला पोलीस होते. त्याला पत्ता कुणी दिला, हे मला शोधायचं होतं. तिला मी त्याच दिवशी दुसऱ्या शहरात हलवलं. नव्या खोलीत ती बॅग मांडीवर घेऊन बसून राहिली.

"ताई, कुणी सांगितलं ते कळेपर्यंत मी ही बॅग उघडणार नाही," ती म्हणाली. "उघडली की पुन्हा भरावी लागते."

तिचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला राग आला. पत्ता फुटला कुठून हे कळलं नाही, तर ही नवी खोली जुन्यापेक्षा जराही सुरक्षित नव्हती. बेकरीवालाच घरमालक होता आणि कोण कुठल्या खोलीत राहतं हे तो जाणून होता. त्यानं फितुरी केली असती तर नवरा थेट मागच्या दाराशी आला असता. माझ्याखेरीज आणखी दोघांनाच ती जागा माहीत होती. एक तिचे वडील आणि दुसरी तिची वहिनी. दोघं एकाच घरात राहत होते.

२

तिच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचा जन्म बसस्थानकावर घोषणा करण्यात गेला. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीये, हे त्यांनी सांगितलं की बहिऱ्यालाही कळायचं, असं त्यांचा मुलगा मला सांगत होता. मग अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. आता अण्णा बोलायचे ते धाकट्या सुनेलाच, म्हणजे या वहिनीलाच कळायचं. म्हणून त्यांना एक फोन घेऊन दिला होता. त्यात बोललेलं मोठ्या अक्षरांत उमटवणारं ॲप होतं. निदान उमटवण्याचा प्रयत्न करणारं.

मी आधी अण्णांच्या मुलाला धरलं. हा भाऊ म्हणजे जावयाचा जुना दोस्त, म्हणूनच त्याला पत्ता सांगितलेला नव्हता. गेल्याच आठवड्यात जावयाला भेटलो होतो, हे त्यानं लपवलं नाही. संसार जोडावा असं त्याला वाटे.

"मला माहीत असतं तर मी सांगितलंही असतं," तो मान खाली घालून म्हणाला. "आता त्या बाईंचं ऐकलं आणि वाटतं, बरं झालं माहीत नव्हतं."

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, पण माणूस खोटं बोलत नव्हता. ज्याला सांगायची इतकी हौस होती, त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं.

दिवसभर अण्णांचं करायला एक नर्सबाई येत. त्यांच्या कानात सदा बहिणीचा फोन. अण्णांचं बोलणं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि त्याबद्दल त्यांना खंतही नव्हती. एक गोष्ट मात्र त्यांनी हसत हसत सांगितली. रोज सकाळी अंघोळ झाली की अण्णा त्यांना खोलीबाहेर काढत, दार लावायला लावत आणि एकटेच फोनशी बोलत बसत. एकदा चादर न्यायला त्या मध्येच आत गेल्या, तर पडद्यावर "केळी पंखा बुधवार पाऊण" असं काहीतरी उमटलेलं दिसलं. अण्णांनी रागानं ते पुसून टाकलं.

"मनातलं बोलत असतील बिचारे," नर्सबाई म्हणाल्या. "पण मशीनला कळेल तर शपथ."

वहिनी शेवटी बोलली. ती घाबरलेली होती आणि का ते उघड होतं. घरातले सगळे तिच्याकडेच बघत होते, तिचा नवरासुद्धा. आपण जिवंत माणसापाशी चकार शब्द काढला नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मी अण्णांबद्दल विचारलं. वाचा सुधारावी म्हणून आठवड्यातून दोनदा संध्याकाळी एक तज्ज्ञ बाई घरी येत. घरात सगळे त्यांना वाचाबाई म्हणत. त्या वेळी वहिनी सतत शेजारी बसे. अण्णा मात्र त्यांच्यापुढे रुसल्यासारखे बसत. पाणी, नको, दार लाव, यापलीकडे त्यांची गाडी जात नसे.

मग वहिनीनं जाता जाता जे सांगितलं, त्यानं मी पुन्हा खाली बसले. पूर्वी मायलेक वरच्याच मजल्यावर राहत. मुलगा झोपेत चालायला लागला, जिन्याची भीती वाटायला लागली, तेव्हा लेकीनं व्हायोलिनच्या बाईंशी खोलीची अदलाबदल केली. मी त्याला मान्यता दिली होती, पण अण्णांना हे कुणी कळवलं नव्हतं हे मला आजच कळलं.

"त्यांनी तो पत्ता किती कष्टानं पाठ केला होता," वहिनी म्हणाली. "घर तेच, रस्ता तोच. उगीच पुन्हा डोक्याला ताप कशाला द्यायचा?"

वहिनीला खालची खोली माहीत होती. जावई वरच्या मजल्यावर गेला होता. म्हणजे वहिनी सुटली. पण जुनीच माहिती असलेला माणूस जगात एकच उरत होता, आणि त्याला धड बोलता येत नव्हतं.

३

अण्णांचं बोलणं समजू शकेल अशी दुसरी व्यक्ती म्हणजे वाचाबाई. मी त्यांच्या दवाखान्यात गेले. खोली लहान आणि स्वच्छ होती. भिंतीवर मोठा आरसा, म्हणजे पेशंटला आपल्या ओठांची हालचाल दिसावी. टेबलावर फुंकायच्या मेणबत्त्या, नळ्या आणि चित्रांची कार्डं. लोकांना पुन्हा बोलतं करणारी बाई मला आवडून गेली, हे कबूल करते. आवाज मऊ होता आणि समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायची त्यांना सवय होती. तशी माणसं कमी भेटतात.

व्हायोलिनच्या बाईंचं मी काही बोलले नाही. वहिनीनंही त्यांना घरात अडचण आहे, काही दिवस येऊ नका, एवढंच कळवलं होतं. अण्णांच्या लेकीचा पत्ता बाहेर फुटलाय, इतकंच मी सांगितलं.

वाचाबाईंनी सुस्कारा सोडला. अण्णांनी मुलीबद्दल आपल्याला कधी काही सांगितलं नाही आणि आपण विचारलंही नाही, असं त्या म्हणाल्या. पेशंटच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही हा त्यांचा नियम होता. एवढंच, की लेकराला वडिलांची भेट व्हायला हवी असं त्यांना मनापासून वाटे. मग त्यांनी विषय बदलला आणि अण्णांचं कौतुक सुरू केलं. कौतुक करताना त्यांचा चेहरा खुलला.

"फार जिद्दीचा माणूस आहे. सकाळी तर आवाज इतका मोकळा लागतो. आठनऊ शब्दांचं वाक्य एका दमात म्हणतात आता."

मी मान डोलावली, चहा घेतला आणि उठले. पायऱ्या उतरताना काहीतरी खटकत होतं, पण काय ते हाती लागेना. वहिनीचा फोन आला तोवर मी बसमध्ये बसलेही होते. जावयाला त्याच्या जुन्या कामाच्या जागी कुणीतरी पाहिलं होतं. बायको नव्या शहरात आहे, हे तो तिथल्या सोबत्यांना सांगत होता. शहर त्यानं कसं ओळखलं हे देव जाणे, कदाचित अंदाजच असेल. पण घर काही त्याला अजून माहीत नव्हतं. म्हणजे तो अजूनही तिच्या मागावर होता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि वहिनी अण्णांच्या बंद दाराबाहेर उभ्या राहिलो. चोरून ऐकायचं मला जिवावर आलं होतं, पण इलाज नव्हता.

आतून आवाज आला. शब्द मला कळत नव्हते, चाल मात्र कळत होती. बसस्थानकावर ऐकू येते तीच ती चढउताराची चाल. तेच वाक्य, थांबून पुन्हा तेच. माझ्या शेजारी वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं हलक्या आवाजात मला अर्थ सांगितला. आधी गावाचं नाव होतं. मग, पुलाच्या अलीकडे उतरायचं, बेकरीच्या वरचा मजला, निळं दार. तिथे काय घडलं आणि लेकीला हलवलंय, हे अण्णांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही आत गेलो. अण्णा दचकले, मग चिडले. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि हे कशासाठी म्हणून विचारलं. त्यांचं उत्तर वहिनी माझ्यासाठी तुकड्यातुकड्यानं उलगडत होती.

घोषणा करण्याआधी ती एकदा मोठ्यानं म्हणून बघायची, ही त्यांची नोकरीतली सवय. लेकीला उद्या काही झालं, घरात सून नसली, तर कुठे धावायचं हे दुसऱ्याला सांगता यायला हवं. म्हणून रोज सराव. फोन ही त्यांची परीक्षा होती. ज्या दिवशी फोन ते वाक्य नीट लिहील, त्या दिवशी ते कुणालाही कळेल. आजवर एकदाही नीट लिहिलं नव्हतं. अण्णांनी डाव्या हातानं फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर पुन्हा केळी आणि पंखाच होता.

"दगड आहे हा," अण्णा म्हणाले. हे मला वहिनीशिवाय कळलं. "याला काय कळतंय?"

मला त्या वेळी एक जुनी गोष्ट आठवली. आमच्याकडे आसऱ्याला आलेल्या एका बाईनं पोटासाठी घरबसल्या एक काम केलं होतं. कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांच्या आवाजाचे तुकडे ऐकायचे आणि ऐकलेलं लिहून पाठवायचं. तिनंच मला सांगितलं होतं, की स्वच्छ बोलणाऱ्यांचं कुणी ऐकत बसत नाही, त्यांचं यंत्रच उरकतं. माणसांकडे येतात ते यंत्राला न उमजलेले तुकडे. तोतरे, म्हातारे, आजारी, रडत बोलणारे.

मी फोनमधली परवानग्यांची पानं उघडली. ओळख सुधारावी म्हणून न उमजलेले आवाज तपासणीसाठी तज्ज्ञांकडे पाठवावेत का, असा प्रश्न होता आणि त्यापुढचं बटण चालू होतं. यंत्राला कळत नाही म्हणून अण्णा निर्धास्त होते. त्याला कळत नव्हतं, नेमकं म्हणूनच त्यांचा शब्द न् शब्द कुठल्यातरी माणसाच्या कानात जात होता.

"हा फोन कुणी लावून दिला?" मी विचारलं.

"वाचाबाईंनी," वहिनी म्हणाली.

५

आता मला काय खटकलं होतं ते ध्यानात आलं. वाचाबाई येत त्या संध्याकाळी. मग अण्णांचा आवाज सकाळी मोकळा लागतो हे त्यांना कसं ठाऊक? त्यांच्यापुढे अण्णा दोन शब्दांवर गप्प होत. मग आठनऊ शब्दांचं एका दमातलं वाक्य त्यांनी ऐकलं कुठे? तसं वाक्य अण्णा एकच म्हणत, आणि तेही बंद दाराआड. बाईंना खोटं बोलता आलं असतं, पण आपला पेशंट सुधारतोय याचा आनंद त्यांना लपवता आला नाही.

पण हा सगळा तर्क होता. तर्कावर पोलीस कुणाला धरत नाहीत आणि जावई मोकळाच होता. मी अण्णांना खरं ते सांगितलं. सांगताना जीव तुटत होता. त्यांच्याच तोंडून पत्ता गेला आणि एका निरपराध बाईचा जीव गेला, हे ऐकून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवले नाहीत. वहिनी मला म्हणाली, सांगितलं नसतं तर काय बिघडलं असतं?

नंतर त्यांनीच खुणेनं मला बोलावलं. फोनवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या ओठांवर. मला कळायला वेळ लागला. त्यांना एक खोटा पत्ता हवा होता.

आमच्या संस्थेची एक बंद पडलेली जागा त्या नव्या शहरात होती, लेकीच्या खोलीपासून चांगली लांब. मी रस्ता सांगितला, अण्णांनी तो दिवसभर घोकला. पोलिसांना मी विनवून तिथे बसवलं. सकाळी नेहमीसारखी अंघोळ झाली, नर्सबाई बाहेर गेल्या, दार लागलं. अण्णांनी घसा साफ केला. घंटाघराच्या मागची गल्ली, दुसरा मजला, हिरवं दार. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. दाराबाहेर वहिनी पदरात तोंड लपवून रडत होती.

आम्ही आणि पोलीस सोडले तर तो पत्ता कुणालाच माहीत नव्हता. आमच्याखेरीज अण्णांच्या तोंडून तो फक्त फोननंच ऐकला होता.

त्यानंतरच्या दुपारी हिरव्या दारावर हलकेच टकटक झाली. पोलिसांनी दार उघडलं. जावई उभा होता. हातात मुलासाठी आणलेली खेळण्यातली गाडी होती आणि खांद्यावरच्या पिशवीत नायलॉनची दोरी.

६

वाचाबाई आरशाकडे पाठ करून बसल्या होत्या. मी सगळं क्रमानं मांडलं. त्यांनी नाकारलं नाही.

ॲपवाल्यांना अवघड आवाज समजणारे कान हवे होते आणि वाचाबाईंना ते काम आवडे. एक दिवस हेडफोनमध्ये अण्णा आले. नियमाप्रमाणे ओळखीचा आवाज परत पाठवायचा असतो. त्यांनी पाठवला नाही. जो माणूस आपल्यापुढे तोंड उघडत नाही, तो एकटा असताना इतकं बोलतो, हे ऐकून त्यांना हर्ष झाला होता. त्या रोज वाट बघायला लागल्या. जावई त्यांना दवाखान्याबाहेर भेटला, सासऱ्यांची प्रकृती विचारायला म्हणून. मुलाचा फोटो दाखवून रडला. एकदाच बघू द्या म्हणाला.

"माझं आयुष्य तुटलेला संवाद जोडण्यात गेलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मी तेच करतेय."

मग मी त्यांना व्हायोलिनच्या बाईंबद्दल सांगितलं. त्या वळल्या आणि आरशात स्वतःच्या ओठांकडे बघत राहिल्या. मला त्यांची कीव आली नाही. दुसऱ्यांदा पत्ता देताना तरी त्यांनी एकदा कुणाला विचारायचं होतं.

निघताना मी सहज विचारलं, की अण्णांचे तुकडे फक्त तुमच्याकडेच यायचे ना. त्यांनी मान हलवली. एक तुकडा तिघांकडे जातो. दोघांचं लिहिलेलं जुळलं की ते खरं धरतात.

"बाकीचे दोघं कोण?"

"कुणालाच माहीत नसतं," वाचाबाई म्हणाल्या. "त्यांनाही माझं नाव माहीत नाही."

मी ॲपवाल्यांशी बोलले. त्यांच्याकडची बाई फार गोड बोलत होती. आवाजाच्या तुकड्यांवर कुणाचंही नाव नसतं, त्यामुळे काळजीचं कारण नाही. आणि नाव नसल्यामुळे ते शोधता येत नाहीत. शोधता येत नाहीत, त्यामुळे पुसताही येत नाहीत. अजून काही मदत हवी आहे का, असंही तिनं विचारलं.

जावई कोठडीत आहे, पण त्याला भाऊ आहेत, वकील आहे आणि जामीन नावाची गोष्ट आहे. लेकीला मी पुन्हा हलवलं, यावेळी कायमचं. जायच्या आधी ती वडिलांना भेटायला आली. अण्णांनी डाव्या हातानं तिचा चेहरा चाचपला. ती त्यांच्या उशाशी बसली, फोन तिनं स्वतः बाहेर नेऊन ठेवला आणि दार लावून घेतलं.

"अण्णा, तुम्हाला सांगून ठेवते," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नसलं तर मला तिकडे झोप लागणार नाही."

ती त्यांच्या कानाशी वाकली. अण्णांनी एक कान उशीत खुपसला आणि दुसऱ्यावर आपला चांगला हात घट्ट दाबून धरला. ती बोलायची थांबली तरी त्यांनी तो काढला नाही.